अहवाल, पेपर आणि ब्लॅक बुक: आपल्या इंजिनिअरिंगमध्ये लिहायला कधी शिकवलं गेलं?

"काम झालंय, फक्त लिहायचं बाकी आहे."

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातली इंजिनिअरिंगची मुलं शेवटच्या वर्षाला आली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पुढे एमई, एमटेक, पीएचडीला गेलेल्यांच्या तोंडीही तेच असतं. आजचा लेख या वाक्यातल्या 'फक्त' या एका शब्दाबद्दल आहे.

मी मूळची एमएस्सीवाली, इंजिनिअर नाही. पण विज्ञानशिक्षणाच्या इतिहासाबद्दल वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली. आपल्याकडे तांत्रिक शिक्षण कोणत्या भाषेतून द्यायचं यावर दोनशे वर्षं वाद चालू आहे. त्या शिक्षणात विद्यार्थ्याला लिहायला कसं शिकवायचं, यावर मात्र फारच कमी बोललं गेलं. लिहायला म्हणजे पत्र किंवा निबंध नव्हे. एखादा प्रश्न मांडायचा, त्यावर आपण काय केलं ते सांगायचं, त्यातून काय सिद्ध झालं आणि काय नाही हे पुराव्यासकट दाखवायचं, असं लेखन. रिसर्चमध्ये हेच लागतं. ते येत नाही म्हणून आपण म्हणतो, "माझं इंग्रजी कच्चं आहे." इतिहास बघितला तर हे निदान अर्धवट आहे असं मला वाटतं. कसं ते सांगते.

जर्व्हिसची शाळा: मराठीतून इंजिनिअरिंग

सुरुवात मुंबईपासून करू. साल १८२३-२४ च्या आसपासचं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर होता. पेशवाई संपून जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली. नव्या मुलखात जमिनीची मोजणी करायची, रस्ते आणि इमारती बांधायच्या, तर हाताखाली शिकलेली माणसं हवीत. त्यासाठी मुंबईत 'इंजिनिअर इन्स्टिट्यूशन' निघाली. ती चालवणारा कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा बॉम्बे इंजिनिअर्समधला लष्करी अधिकारी.

आज आश्चर्य वाटेल, पण तिथलं शिक्षण मराठी आणि गुजरातीतून होतं. अंकगणित, भूमिती, मोजणी, आराखडे काढणं, सगळं. पुस्तकं नव्हती, म्हणून जर्व्हिसने शास्त्रीमंडळींच्या मदतीने गणिताची इंग्रजी पुस्तकं मराठीत आणली. म्हणजे मराठीतून इंजिनिअरिंग ही काही २०२१ ची नवी कल्पना नाही. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्या तीस वर्षं आधी ती प्रत्यक्षात आलेली होती.

ही संस्था फार वर्षं टिकली नाही. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने एक बाब टिपून ठेवा. त्या शाळेत लेखनाचं मोठं काम झालं, ते शिक्षकांनी आणि शास्त्र्यांनी केलं. नवे शब्द घडवणं, वाक्यरचना बसवणं, गणिती युक्तिवाद मराठीत चालवून बघणं हे सगळं पुस्तक तयार करणाऱ्यांच्या वाट्याला आलं. विद्यार्थ्याने ते समजून घ्यायचं आणि मोजणीवर जायचं. त्याने स्वतः काही मांडावं ही अपेक्षाच नव्हती, कारण त्याची नोकरी तशी नव्हती.

पेरी विरुद्ध जर्व्हिस

पुढचा प्रसंग १८४० च्या दशकातला. मुंबई इलाख्याचं शिक्षण आता बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे होतं. अध्यक्ष होता सर अर्स्किन पेरी, पेशाने न्यायाधीश. त्याचा कल इंग्रजी माध्यमाकडे. विरोधात उभा राहिला तोच जर्व्हिस, आता कर्नल झालेला. त्याच्या बाजूने बोर्डाचे तिन्ही भारतीय सदस्य होते: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. चांगलीच जुंपली. उच्च ज्ञान इंग्रजीतूनच मिळेल असं एका बाजूचं म्हणणं. लोकांच्या भाषेतून दिलं नाही तर ते मूठभरांच्या पलीकडे जाणारच नाही असं दुसऱ्या बाजूचं.

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य होतं. पण वाद कशाबद्दल चालला होता ते बघा. ज्ञान विद्यार्थ्यापर्यंत कोणत्या भाषेतून *पोचवायचं*, याबद्दल. विद्यार्थ्याकडून ते कोणत्या रूपात *बाहेर यावं*, याबद्दल नाही. आपल्याकडचे माध्यमाचे वाद तेव्हापासून याच रुळावर चालले आहेत.

१८५४: कल्याणची गाडी आणि पुण्याचा वर्ग

रुळांवरून आठवलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे आपल्याला पाठ असतं. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, गाडी कल्याणला पोचली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर होता जेम्स बर्कली. कल्याणच्या पुढे मार्गाचे दोन फाटे: एक थळ घाटातून नाशिककडे, दुसरा बोरघाटातून पुण्याकडे. हे घाट चढायचे कसे, हा त्या काळातला मोठा अभियांत्रिकी प्रश्न होता.

बर्कली बांधकाम करत होता आणि लिहीतही होता. १८६० मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समध्ये भारतीय रेल्वे आणि जीआयपीवरचा त्याचा पेपर वाचला गेला. या संस्थेची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एक इंजिनिअर पेपर वाचायचा, मग बाकीचे सभासद प्रश्न विचारायचे, शंका काढायचे, आपले अनुभव सांगायचे. हे सगळं, चर्चेसकट, छापलं जायचं. तिथे तरुण इंजिनिअर लेखन कोणत्या वर्गात शिकत नव्हता. तो वडीलधाऱ्यांचे पेपर ऐकत, वाचत, त्यांच्यावर पडणाऱ्या हरकती बघत शिकत होता. आपण काहीही लिहिलं तर समोरचा "कशावरून?" असं विचारणार, हे त्याच्या अंगवळणी पडत होतं.

आता त्याच १८५४ सालातली दुसरी घटना. पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. आजच्या सीओईपीचं हे मूळ. उद्देश स्पष्ट होता: सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम दर्जाचे कर्मचारी तयार करणं. असा कर्मचारी काय लिहितो? मेजरमेंट बुकातल्या नोंदी, एस्टिमेट, हजेरीपट, वरिष्ठांना अहवाल. खात्यात आजही 'एमबी' म्हटलं की सगळ्यांना कळतं. हे लेखनही महत्त्वाचं आहे, त्यात अचूकता लागते. पण त्यात युक्तिवाद नसतो. "इतके ब्रास खडी पडली" असं लिहायचं. "खडीऐवजी दुसरं काही वापरलं तर चालेल का, आणि मला तसं का वाटतं" हे लिहायचं नाही.

मला इथे एक सरळ विभागणी दिसते. पेपर लिहिणारा इंजिनिअर साहेब, अहवाल लिहिणारा कर्मचारी आपला. हा माझा अन्वय आहे, कोणी धोरण म्हणून असं लिहून ठेवलं होतं असं मी म्हणत नाही. पण संस्था ज्या कामासाठी निघते त्या कामाचं लेखन तिच्या अभ्यासक्रमात मुरतं, आणि काम बदललं तरी अभ्यासक्रमाची सवय लवकर जात नाही.

पुण्याची संस्था वाढत गेली. १८६० च्या दशकात ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली, एलसीई ही पदवी आली. १८८० मध्ये तिचं कॉलेज ऑफ सायन्स झालं, १९११ मध्ये कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. दरम्यान १८८७ मध्ये मुंबईत व्हीजेटीआय निघालं. सगळीकडे माध्यम इंग्रजी. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी बाहेर गेली होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती परत आली, तीही एक विषय म्हणून, माध्यम म्हणून नव्हे.

या व्यवस्थेतून लिहिणारे इंजिनिअर निघाले नाहीत का? निघाले की. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये पुण्यातून एलसीई झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आणि सिंचनाची ब्लॉक पद्धत ही त्यांची इथली कामं. पुढे त्यांनी अर्थव्यवस्था आणि नियोजनावर पुस्तकं लिहिली. पण कालव्याचं पाणी वाटण्याची नवी पद्धत खात्याच्या आणि शेतकऱ्यांच्या गळी उतरवायची तर बाजू मांडावीच लागते. कामाने त्यांना लिहितं केलं असावं. अशी संधी ज्याला मिळाली नाही त्याचं काय, हा प्रश्न उरतोच.

वेगळी वाट धरली ती बडोद्याने. सयाजीराव गायकवाडांच्या पाठिंब्याने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं. तिथे देशी भाषांतून तांत्रिक शिक्षण देण्यावर भर होता. पण ते संस्थानातलं काम. ब्रिटिश मुलखातल्या पदव्या आणि नोकऱ्या इंग्रजीच्याच राहिल्या.

१९८३ नंतर वर्गात कोण आलं?

आता मोठी उडी मारू, कारण मधल्या काळात आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फारसं बदललं नाही. जागा मोजक्या होत्या आणि तिथे पोचणाऱ्याने इंग्रजीचं काहीतरी बघून घ्यावं असं गृहीत होतं.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ठाणे जिल्ह्याचं चित्रच पालटलं. घोडबंदर रोड, डोंबिवली, बदलापूर-वांगणीची बाजू, नवी मुंबई, सगळीकडे कॉलेजं उभी राहिली. बहुतेक मुंबई विद्यापीठाशी संलग्न. डोंबिवलीतल्या चाळीतला, कल्याण पूर्वेतला, शहापूर-मुरबाडहून लोकलने येणारा मुलगा आता बीई करू शकत होता. मुलीही मोठ्या संख्येने आल्या. ही चांगलीच गोष्ट झाली, त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही.

यातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. त्यांनी वर्गात लिहिलेलं मोठं मराठी लेखन म्हणजे 'मी पंतप्रधान झालो तर' हा निबंध, आणि इंग्रजीतलं म्हणजे गाईडमधून पाठ केलेलं पत्र. पण इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं तरी काय वेगळं? त्यांचं व्याकरण बरं, बोलणं सफाईदार, पण 'माझा दावा अमुक आहे, त्याला आधार तमुक आहे' असं त्यांनीही बारावीपर्यंत कुठे लिहिलेलं नसतं. म्हणूनच मी म्हणते की 'इंग्रजी कच्चं' हे निदान अर्धवट आहे.

विद्यापीठाने यावर उपाय केला नाही असं नाही. अभ्यासक्रमांची नावं क्रमाने बघा. पहिल्या वर्षाला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये 'कम्युनिकेशन स्किल्स'. २०१२ आणि २०१६ च्या अभ्यासक्रमांत तिसऱ्या वर्षाला, पाचव्या सेमिस्टरमध्ये, 'बिझनेस कम्युनिकेशन अँड एथिक्स', म्हणजे आपलं बीसीई. २०१९ च्या अभ्यासक्रमात दोन्हींची नावं बदलून 'प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स' एक आणि दोन झाली. पीसीई म्हणतात ते हेच. नावातून 'बिझनेस' गेलं, 'प्रोफेशनल' आलं. पीसीई-दोनमध्ये लांब अहवाल, टेक्निकल प्रपोजल, एवढंच काय तर टेक्निकल पेपरचे भाग आणि आयईईईची संदर्भ देण्याची पद्धतही आली. कागदावर ही मोठीच प्रगती आहे. पण त्याच विषयात मुलाखत, ग्रुप डिस्कशन, मीटिंगची मिनिट्स, रेझ्युमे, प्रेझेंटेशन आणि कॉर्पोरेट एथिक्सही आहे. पेपर लिहिण्याच्या वाट्याला त्यातले थोडेच तास येतात.

दुसरी अडचण वेळेची. २०१९ च्या अभ्यासक्रमात मिनी प्रोजेक्ट तिसऱ्या सेमिस्टरपासून आहे, म्हणजे रिपोर्ट तेव्हापासून द्यायचा. तो लिहायचा कसा हे शिकवणार पाचव्यात. आणि खरा मोठा प्रोजेक्ट सातव्या-आठव्यात, तेव्हा लेखन शिकवणारं कोणीच नाही.

तिसरी अडचण सगळ्यात जुनी आहे. पीसीईच्या मॅडम इंग्रजी साहित्याच्या एमए असतात. रिपोर्टमधलं वाक्य चुकलं तर त्या सांगतील, पण "तुझा अल्गोरिदम आधीच्यापेक्षा चांगला आहे हे या तक्त्यावरून सिद्ध होत नाही" हे त्यांनी कसं सांगायचं? ते सांगायचं प्रोजेक्ट गाईडने. गाईडच्या हाताखाली चार-पाच ग्रुप, डोक्यावर तास, परीक्षा, नॅकची कागदपत्रं. ते म्हणतात, "लँग्वेज मॅडमकडून तपासून घ्या." दोघांचंही बरोबर, आणि मधल्यामध्ये लेखन अनाथ.

जर्नल ते ब्लॅक बुक

या सगळ्याचा परिणाम कुठे दिसतो? आपल्याकडची जर्नल लिहिण्याची पद्धत आठवा. प्रॅक्टिकलचं उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष. सीनियरच्या फाईलवरून उतरवायचं, सबमिशनच्या आदल्या रात्री, पाच जणांनी एकाच फाईलवरून. निष्कर्षाची ओळ तर पिढ्यान्‌पिढ्या तीच: "अशा प्रकारे आपण अमुकचा अभ्यास केला." त्यात आपल्याला प्रत्यक्ष काय आकडा मिळाला आणि तो अपेक्षेपेक्षा वेगळा का आला, याचा पत्ता नसतो. सात सेमिस्टर हे केल्यावर हाताला एक वळण लागतं: लिहिणं म्हणजे आधी कुठेतरी असलेलं नीट उतरवून काढणं.

मग आठव्या सेमिस्टरला ब्लॅक बुक येतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या काळ्या कव्हरच्या, सोनेरी अक्षरांच्या बांधीव रिपोर्टला मुंबई विद्यापीठाची मुलं ब्लॅक बुक म्हणतात. त्याची ठरलेली घडण असते. प्रस्तावनेत "आजच्या धावपळीच्या जगात तंत्रज्ञानाला अनन्यसाधारण महत्त्व आहे" छापाचं वाक्य. लिटरेचर सर्व्हे म्हणजे तक्ता: पेपरचं नाव, लेखक, वर्ष, आणि शेवटचा रकाना 'ड्रॉबॅक्स'. पुढे काय विकत घेतलं, काय जोडलं, त्याचे स्क्रीनशॉट. सरतेशेवटी फ्यूचर स्कोप: मोबाईल ॲप बनवता येईल. मुलं हुशार असतात, प्रोजेक्ट अनेकदा खरंच चांगला असतो. पण वाचणाऱ्याला कळत नाही की प्रश्न नेमका काय होता.

पीएचडीला आलं की हे अंगाशी येतं. २०१८ मध्ये यूजीसीने वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या पुढे अशा पायऱ्या आणि वाढत्या शिक्षा. २०१९ च्या अखेरीस 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा दोन क्रेडिटचा कोर्स पीएचडीसाठी सक्तीचा झाला. दोन्ही गोष्टी आवश्यकच होत्या. पण क्रम बघा. पदवीची चार वर्षं उतरवून काढायची सवय लावायची आणि पीएचडीच्या दारात सांगायचं की उतरवणं हा गुन्हा आहे. मग मुलं शब्द बदलत बसतात, साम्य दहाच्या खाली आणतात. सॉफ्टवेअर समाधानी होतं, लेखन मात्र तिथेच राहतं.

बाकी जगात काय झालं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. हार्वर्डने १८८० च्या दशकात पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना लेखनाचा कोर्स लावला, कारण इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनाही नीट लिहिता येत नव्हतं. म्हणजे "मातृभाषेत असतं तर आपोआप आलं असतं" हेही खरं नाही. शास्त्रीय पेपरचा आज आपण पाहतो तो साचा, म्हणजे प्रस्तावना, पद्धत, निकाल, चर्चा, हाही काही आकाशातून पडलेला नाही. १६६५ मध्ये सुरू झालेल्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात पेपर बऱ्याचदा पत्राच्या रूपात असायचे. हा चार भागांचा साचा सर्वमान्य झाला तो विसाव्या शतकात. साचा माणसांनी घडवला, म्हणजे तो शिकता आणि शिकवता येतो.

ते सोपं करून दाखवलं जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञाने. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या परंपरेतून आलेला हा माणूस. त्याने वेगवेगळ्या विषयांतल्या पेपरांच्या प्रस्तावना घेऊन त्या काय *करतात* ते तपासलं. १९८१ मध्ये त्याने आपली मांडणी केली आणि १९९० च्या पुस्तकात ती सुधारली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे प्रस्तावनेत तीन चाली असतात. पहिली, आपला मुलूख दाखवणं. दुसरी, त्यात मोकळी जागा कुठे आहे ते दाखवणं. तिसरी, ती जागा आपण कशी भरणार ते सांगणं.

उदाहरण घेऊ. समजा तुमचा प्रोजेक्ट उल्हास नदीच्या पाण्याचा दर्जा सेन्सरने मोजण्याचा आहे. नेहमीची सुरुवात: "पाणी हे जीवन आहे." आता तीन चाली करून बघा. एक: उल्हास नदीतून कल्याण-डोंबिवलीसह अनेक शहरांना पाणी जातं, म्हणून तिच्या पाण्याची तपासणी महत्त्वाची. दोन: पाण्याचे नमुने ठरावीक दिवसांनी गोळा केले, तर मधल्या तासांत अचानक सोडलेलं सांडपाणी पकडलं जाईलच असं नाही. तीन: म्हणून आम्ही दर दहा मिनिटांनी नोंद घेणारं स्वस्त यंत्र बनवलं आणि ते प्रयोगशाळेतल्या मोजणीशी ताडून पाहिलं. तीन वाक्यं, व्याकरण साधं, पण वाचणाऱ्याला प्रश्न कळला. दुसऱ्या चालीसाठी तुम्हाला आधीचे पेपर खरोखर वाचावे लागतात. 'ड्रॉबॅक्स'चा रकाना भरून भागत नाही. आणि ही तीन वाक्यं मी वर मराठीत लिहिली, तरी चाली बिघडल्या नाहीत.

पुन्हा मराठी

म्हणून मराठीतून इंजिनिअरिंगच्या सध्याच्या चर्चेकडे मी आशेने आणि थोड्या काळजीने बघते. २०२१ मध्ये एआयसीटीईने देशी भाषांतून बीटेकला परवानगी दिली आणि पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटरचं मराठी माध्यम सुरू झालं. पुस्तकांचे अनुवाद होत आहेत. जर्व्हिसचं काम जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा हाती घेतलं गेलं आहे.

काळजी ही, की आताही सगळी ताकद पुस्तकांवर आणि परिभाषेवर लागते आहे, म्हणजे ज्ञान *पोचवण्यावर*. मराठीतून शिकणाऱ्या मुलाने सातव्या सेमिस्टरला मराठीत ब्लॅक बुक उतरवून काढलं, तर भाषा बदलली, सवय तीच. उलट कोणी मराठीत नीट युक्तिवाद करायला शिकवलं, तर तो मुलगा पुढे इंग्रजी पेपरही लिहील, कारण तेव्हा त्याला फक्त भाषा बदलायची असेल.

मग तुम्ही काय करायचं?

अभ्यासक्रम बदलेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. रिसर्चची तयारी करत असाल तर चार गोष्टी आजपासून करता येतील.

पहिली: आधी एक पान मराठीत लिहा. किंवा आपण बोलतो तशा मिश्र भाषेत, लाजायचं काही नाही. माझा प्रश्न काय, आधीच्यांनी काय केलं, मी काय केलं, मला काय मिळालं, आणि ते खरं कशावरून. हे पान लिहिता आलं नाही तर अडचण इंग्रजीची नाही, विचार अजून पक्का व्हायचा आहे. लिहिता आलं तर अर्धी लढाई जिंकलात.

दुसरी: तुमच्या विषयातले पाच चांगले पेपर घ्या आणि फक्त प्रस्तावना वाचा. पेन्सिलीने तीन चाली कुठे सुरू होतात, कुठे संपतात, त्याच्या खुणा करा. सगळ्यांत त्या एकाच क्रमाने येत नाहीत, हेही दिसेल.

तिसरी: लिटरेचर सर्व्हेच्या तक्त्यातला 'ड्रॉबॅक्स'चा रकाना खोडा. त्या जागी लिहा, 'माझ्या प्रश्नाशी संबंध काय'. पेपर मिटून, आठवून लिहा. मग उतरवण्याचा प्रश्नच येत नाही.

चौथी: कृतीचा भाग प्रयोग चालू असतानाच, त्याच दिवशी लिहा. सहा महिन्यांनी कोणत्या व्होल्टेजला काय झालं हे आठवत नाही. मग माणूस अंदाजाने लिहितो, आणि रिसर्चमध्ये ते फार महागात पडतं.

एआयच्या साधनांबद्दलही विचारलं जातं. व्याकरण सुधारायला ती चांगली आहेत, मराठी माध्यमातून आलेल्यांना तर मोठा आधार आहे. पण मोकळी जागा कुठे आहे हे ती तुमच्या वतीने ठरवू शकत नाहीत, आणि अस्तित्वातच नसलेले संदर्भ बिनदिक्कत देतात. वरचं एक पान स्वतः लिहिल्याशिवाय त्यांच्याकडे जाऊ नका.

आणि जे शिक्षक हे वाचत असतील त्यांना एक विनंती. नवा विषय नको, नवे तास नकोत. सातव्या सेमिस्टरला गाईड आणि पीसीईच्या मॅडम यांनी एकत्र बसून, प्रत्येक ग्रुपचं ते एक पान दोनदा वाचावं. पहिल्यांदा वाचून एकच प्रश्न विचारावा, "कशावरून?" दुसऱ्यांदा त्याचं उत्तर पानात आलं आहे का ते बघावं. १८६० मध्ये बर्कलीचा पेपर ज्या सभेत वाचला गेला, तिथे यापेक्षा वेगळं काही होत नव्हतं. ते करायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही, स्टाफरूममधलं एक टेबल पुरतं.

पुढच्या लेखात लिटरेचर रिव्ह्यूबद्दल सविस्तर. तोपर्यंत ते पाच पेपर आणि पेन्सिल शोधून ठेवा.